युद्धातून बाजारात आलेले पिस्तूल : एम १९११ ची ओळख आणि पॉलिशचा मोह

🧵 थ्रेड

१/
सप्टेंबर २०१८. अमेरिकेतील एका संस्थेने महिनाभरासाठी टपालाने अर्ज मागवले. विक्रीला काढलेली वस्तू होती सैन्याने वापरून बाजूला ठेवलेली जुनी पिस्तुले. अर्ज आले सुमारे १९,०००. हाती होती ८,००० पिस्तुले. अखेरीस चिठ्ठ्या टाकाव्यात तसा संगणकाकडून अर्जदारांचा क्रम ठरवून घ्यावा लागला. पाऊणशे ते शंभर वर्षांच्या, झिजलेल्या, डागाळलेल्या पोलादासाठी एवढी गर्दी का व्हावी? आणि ज्याच्या हाती असे पिस्तूल येते, तो ते ‘नव्यासारखे’ करायला निघाला की इतिहासाचे अभ्यासक कपाळाला हात का लावतात?

२/
हे पिस्तूल म्हणजे ‘एम १९११’. त्याची कथा फिलिपिन्समध्ये सुरू होते. १८९८ नंतर त्या बेटांवर अमेरिकेने सत्ता बसवली आणि दक्षिणेकडील मोरो योद्ध्यांशी तिचा दीर्घ संघर्ष झाला. सैन्याकडे तेव्हा .३८ व्यासाची रिव्हॉल्व्हरे होती. गोळी लागूनही अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही, अशी तक्रार अधिकाऱ्यांकडून वारंवार येऊ लागली. परक्या भूमीवर सत्ता टिकवण्याच्या गरजेतून हे शस्त्र जन्माला आले, हे त्याच्या कौतुकाच्या भरात विसरता कामा नये.

३/
१९०४ साली जॉन थॉम्पसन आणि मेजर लुई लागार्ड यांनी निरनिराळ्या गोळ्यांच्या परिणामाच्या चाचण्या घेतल्या. त्यासाठी शिकागोच्या कत्तलखान्यांतील गुरे आणि मानवी मृतदेह वापरले गेले. पद्धत आजच्या दृष्टीने क्रूर, आणि शास्त्रीय दृष्टीनेही ढिसाळ होती. मात्र निष्कर्ष ठाम निघाला : सैनिकी पिस्तुलाची गोळी .४५ इंचापेक्षा लहान नसावी. पुढची ऐंशी वर्षे अमेरिकी सैन्याच्या कमरेला काय लटकणार, ते या वाक्याने ठरवले.

४/
मग स्पर्धा लागली. जर्मन ल्यूगर, अमेरिकी सॅव्हेज आणि जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी कोल्ट कंपनीसाठी रचलेले पिस्तूल असे दावेदार होते. मार्च १९११ च्या अंतिम कसोटीत ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. ते एकदाही अडले नाही. सॅव्हेज ३७ वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने कोल्टचे पिस्तूल स्वीकारले आणि तेच वर्ष त्याचे नाव झाले.

५/
पहिल्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की एकटी कोल्ट पुरी पडेना. सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि रेमिंग्टन-यूएमसी यांनीही उत्पादन केले. पुढे १९२० च्या दशकात रचनेत थोडे बदल झाले : चाप आखूड झाला, मुठीमागची पट्टी फुगीर झाली, चापामागे बोटासाठी सांगाड्यात खाच आली, पुढची माशी रुंद झाली. १९२६ पासून या सुधारित रूपाला ‘एम १९११ ए १’ म्हणतात. आज एखादे पिस्तूल कोणत्या पिढीचे, हे याच खुणांवरून दुरून ओळखता येते.

६/
दुसऱ्या महायुद्धातील निर्मात्यांची यादी मराठी वाचकाला चकित करील. सर्वाधिक, म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुले रेमिंग्टन रँडने घडवली. ही टाइपरायटरची कंपनी होती. मराठी टंकलेखनाच्या परीक्षांत आजही ज्या ‘रेमिंग्टन’ कळपाटाचे नाव घेतले जाते, त्याच घराण्यातली. कोल्टने सहा लाखांहून अधिक पिस्तुले दिली. शिकारी बंदुका करणाऱ्या इथाकाने सुमारे ३,३५,००० आणि रेल्वेचे सिग्नल घडवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ५५,००० पिस्तुले केली.

७/
आणि पाचवे नाव सिंगर. होय, घरोघरी आजीच्या शिवणयंत्रावर सोनेरी अक्षरांत दिसणारी तीच कंपनी. शिवणयंत्रे करणारा कारखाना पिस्तूल करू शकतो का, हे पाहण्यासाठी सरकारने तिला १९४० मध्ये फक्त ५०० पिस्तुलांचे प्रायोगिक काम दिले. पिस्तुले उत्तम उतरली. पण सिंगरची अचूक कारागिरी विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या यंत्रांसाठी अधिक मोलाची ठरली. म्हणून पिस्तुले ५०० वरच थांबली. त्या दुर्मिळतेमुळे एका सिंगर पिस्तुलाला लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किंमत आली आहे.

८/
इतक्या भिन्न कारखान्यांना एकच वस्तू करायला लावण्यामागे एक कठोर अट होती : कोणत्याही कारखान्याचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात कानस न लावता बसला पाहिजे. रणांगणाजवळच्या दुरुस्ती-तळावर चार मोडक्या पिस्तुलांतून तीन चांगली उभी करता यावीत, हा हेतू. सैन्यासाठी ही अट वरदान ठरली. इतिहासकारासाठी मात्र तिथूनच कोडे सुरू होते.

९/
कारण १९४५ नंतर सैन्याने नवी पिस्तुले मागवलीच नाहीत. दोन्ही युद्धांत मिळून सत्तावीस लाखांच्या आसपास पिस्तुले घडली होती आणि तोच साठा कोरिया, व्हिएतनाम असे करत १९८५ पर्यंत पुरवला गेला. ते कसे साधले? रॉक आयलंड, ऑगस्टा, अ‍ॅनिस्टन यांसारख्या शस्त्रागारांत पिस्तुले खोलली जात. नळ्या एका पेटीत, स्लाइड दुसऱ्या पेटीत, सांगाडे तिसऱ्या पेटीत. झिजलेले भाग बाद होत, उरलेल्यांवर नवा लेप चढे, आणि जो भाग हाताला लागेल तो घेऊन पिस्तूल पुन्हा जुळवले जाई.

१०/
परिणामी सैन्याकडून बाहेर पडलेले बहुतेक पिस्तूल ‘मिश्र’ असते. नवशिका ग्राहक स्लाइडच्या डाव्या अंगावरचे नाव वाचतो आणि म्हणतो, ‘हे कोल्ट आहे.’ घाई तिथेच होते. स्लाइड हा बदलता येणारा भाग आहे. पिस्तुलाची जन्मपत्रिका सांगाड्यावर असते : उजव्या बाजूचा अनुक्रमांक. कोणत्या क्रमांकांचा गट कोणत्या कारखान्याला, कोणत्या वर्षी दिला गेला, त्याच्या याद्या उपलब्ध आहेत. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीनेही सांगाडा म्हणजेच ‘शस्त्र’. बाकी सारे सुटे भाग.

११/
क्रमांकानंतर पाहायचे ते तपासनिसांचे ठसे. प्रत्येक कारखान्यात सैन्याचा अधिकारी बसे आणि माल पसंत पडला की त्याच्या नावाची आद्याक्षरे पोलादात उमटत. ‘एफ. जे. ए.’ म्हणजे फ्रँक जे. अ‍ॅटवूड, हा ठसा रेमिंग्टन रँड आणि इथाकाच्या पिस्तुलांवर सापडतो. ‘जी. एच. डी.’ म्हणजे गाय एच. ड्रूरी, हा कोल्टचा. ‘आर. सी. डी.’ म्हणजे रॉबर्ट सी. डाउनी, हा युनियन स्विचचा. अनुक्रमांक एका कारखान्याचा आणि ठसा दुसऱ्याच, असे दिसले तर सावध व्हावे.

१२/
तिसरी साक्ष नळीची. नळीवर ‘एच. एस.’ असेल तर ती हाय स्टँडर्ड कंपनीची, ‘एफ’ असेल तर फ्लॅनरीची; युद्धकाळात या कंपन्या इतर कारखान्यांना नळ्या पुरवत. चौथी साक्ष मुठीच्या पट्ट्यांची : आधी अक्रोडाचे लाकूड, युद्धकाळात तपकिरी प्लास्टिक. पाचवी साक्ष शस्त्रागाराची. सांगाड्यावर ‘आर. आय. ए.’ दिसले की ते पिस्तूल रॉक आयलंडमध्ये पुन्हा जुळवले गेले, ‘ए. ए.’ दिसले की ऑगस्टामध्ये.

१३/
एक उदाहरण घेऊ. समजा, स्लाइडवर कोल्टचे नाव आहे, अनुक्रमांक रेमिंग्टन रँडच्या गटातला, ठसा एफ. जे. ए., नळी एच. एस. आणि सांगाड्यावर आर. आय. ए. शिवाय सर्व भागांवर एकसारखा करडा लेप. याचा अर्थ काय? सांगाडा युद्धकाळात टाइपरायटरवाल्यांनी केला. पिस्तूल वापरले गेले. युद्धानंतर रॉक आयलंडला खोलले गेले. तिथे कोल्टची स्लाइड बसली आणि सगळ्यावर एकदमच लेप चढला. सहा खुणांतून एका वस्तूचे चरित्र उलगडले. कागदाचा एकही कपटा लागला नाही.

१४/
आता लेपाकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. आरंभीच्या पिस्तुलांवर ‘ब्लूइंग’ असे : पोलाद आरशासारखे घासून, मग त्यावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर निर्माण केला जाई. रंग निळसर काळा, दिसायला देखणा. पण तो थर गंजाला फारसा अडवत नाही आणि उन्हात चमकतो. सैनिकाला चमकणारे शस्त्र परवडत नाही. शिवाय ती घासणी करायला कुशल हात आणि वेळ लागतो. युद्धात दोहोंचाही तुटवडा असतो.

१५/
म्हणून १९४१ च्या सुमारास ‘पार्करायझिंग’ आले. त्याचे मूळ थॉमस कॉसलेट या ब्रिटिश संशोधकाच्या १९०६ च्या पेटंटमध्ये. पुढे अमेरिकेतील पार्कर कंपनीच्या नावाने ते रूढ झाले. पोलादी भाग मँगनीज किंवा जस्त मिसळलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या गरम द्रावणात बुडवतात. पृष्ठभागाचे थोडे लोखंड विरघळते, तिथली आम्लता उतरते आणि फॉस्फेटचे न विरघळणारे स्फटिक पोलादावर घट्ट बसतात. हे स्फटिक सच्छिद्र असल्याने तेल धरून ठेवतात. रंग करडा, चमक शून्य.

१६/
म्हणजे लेप हीसुद्धा एक तारीख आहे. निळसर झळाळी युद्धापूर्वीची सावकाश कारागिरी सांगते. करडा खरबरीतपणा लाखांच्या उत्पादनाची घाई सांगतो. १९१८ च्या कोल्ट पिस्तुलांवर घाईघाईत केलेला काळपट लेप आढळतो. संग्राहक त्यांना ‘ब्लॅक आर्मी’ म्हणतात. त्यांच्या अंगावर यंत्राच्या पात्याचे ओरखडे उघड दिसतात आणि लेप पापुद्र्यांनी सुटतो. एखाद्याला वाटेल, हे वाईट काम. वस्तुतः तो १९१८ सालचा, फ्रान्समधील आघाडीला पिस्तुले पुरवता पुरवता दमछाक झालेल्या कारखान्याचा पुरावा आहे.

१७/
असे पिस्तूल हाती आल्यावर हौशी मालकाला पहिला मोह होतो तो पॉलिशचा. डाग घासून काढावेत, नवे ब्लूइंग करावे. तो विचार करतो की लेप तर वरवरचा. आत पोलाद तेच. पण नुकसान लेपाने होत नाही, लेपाआधीच्या घासणीने होते. फिरत्या चाकावर भाग धरला की पोलादाचा थर निघतो. ठसे फार खोल नसतात. अक्षरांच्या कडा गोल होतात, तपासनिसाची आद्याक्षरे पुसट होतात, खिळ्यांच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात, स्लाइडच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. निघालेले पोलाद परत येत नाही.

१८/
नंतर पॉलिश केलेले पिस्तूल ओळखण्याच्या खुणा याच घासणीतून मिळतात. मूळ ठशाभोवती पोलाद किंचित उचललेले असते. ते बोटाला सपाट लागले तर पृष्ठभाग घासला गेला आहे. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशीही तोच नवा लेप दिसला, तर गंज आधी आणि लेप नंतर, हा क्रम सिद्ध होतो. वापराने झिजायलाच हव्यात अशा जागी, म्हणजे नळीचे तोंड आणि स्लाइडच्या पुढच्या कडा इथे लेप अखंड असेल, तर कोणीतरी त्या वस्तूचे वय लपवले आहे.

१९/
इथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. शस्त्रागाराने स्वतःच भाग बदलले, लेप चढवला. मग मालकाने तेच केले तर बिघडले कुठे? फरक असा : शस्त्रागाराचा लेप हा पिस्तुलाच्या सेवेचा भाग आहे. तो कोरियाला पाठवण्यापूर्वी कामावर हजर करण्यासाठी दिला गेला आणि बहुधा त्याचा ठसाही मागे ठेवला गेला. घरी केलेले पॉलिश सेवा संपल्यावरचे; ते काहीच नोंदवत नाही, उलट आधीच्या नोंदी खोडते. दस्तऐवजावर दफ्तरदाराने मारलेला शेरा आणि वारसाने रबराने खोडलेली ओळ यांत जे अंतर, तेच इथे.

२०/
मराठीत यासाठी एक अर्थपूर्ण शब्द आहे : शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे झळाळी देणे, या मूळच्या अरबी शब्दाने फारसीमार्गे आपल्याकडे येऊन तलवारी घासून-पुसून लखलखीत करणाऱ्यांना नाव दिले. पाती वापरात होती तोवर शिकलगार सैन्याला हवाच होता; त्याची घासणी शस्त्राला जिवंत ठेवी. पण वापर थांबलेल्या तलवारीवर दर खंडेनवमीला घासणीची पूड फिरली, तर पात्यावरचा लेख आणि कोफ्तगिरीचे सोने हळूहळू झिजते. काम तेच, काळ बदलल्याने त्याचा अर्थ उलटा झाला.

२१/
मग करायचे काय? जुनी घट्ट झालेली वंगणे मऊ कापडाने व सौम्य द्रावकाने काढावीत. चालू गंज तेल लावून थांबवावा. डाग राहू द्यावेत. सुट्या भागांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि बदललेला प्रत्येक भाग जपून, नोंद करून ठेवावा. संग्रहालयांचा नियम असा की जे उलटवता येत नाही ते करू नये. पूर्वीच घासून खराब झालेल्या पिस्तुलाला नवा लेप देणे हा गुन्हा नव्हे. मात्र विकताना ते सांगणे हे सचोटीचे लक्षण. पुसट ठसे पुन्हा ठोकून मूळचे म्हणून विकणे ही सरळ फसवणूक. सिंगरची बनावट पिस्तुले याच वाटेने बाजारात आली.

२२/
खरेदीची रीतही काळाचा आरसा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सरकारी नेमबाजी-योजनेतून हीच पिस्तुले १७ डॉलरला मिळत. १९६८ च्या कायद्याने टपालाने शस्त्रे मागवण्याचा मार्ग सर्वसाधारण नागरिकांसाठी बंद झाला. २०१८ च्या विक्रीत अर्जदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी दोनदा झाली आणि पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकरवीच हाती आले. किंमत दर्जानुसार : ‘सर्व्हिस’ १,०५० डॉलर, ‘फील्ड’ ९५०, ‘रॅक’ ८५०. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा याहून कितीतरी कडक आहे. इथे अभ्यासाची जागा म्हणजे संग्रहालयातील काचेची पेटी आणि चांगली छायाचित्रे. त्यांवरही हे सारे वाचन जमते.

२३/
एक गमतीची विसंगती लक्षात घ्यावी. तिन्ही दर्जांत फरक होता तो मुख्यतः गंज, खड्डे आणि मुठीच्या तड्यांचा. म्हणजे ‘रॅक’ हा सर्वांत स्वस्त दर्जा मुख्यतः दिसण्यात उणा. त्यात एखादा दुर्मिळ सांगाडा, जुळणारी स्लाइड, न घासलेले ठसे असू शकतात. ज्याला खुणा वाचता येतात, त्याला ८५० डॉलरांत अधिक इतिहास मिळू शकतो. ज्याला केवळ झळाळी दिसते, तो जास्त पैसे देऊन कमी इतिहास घरी नेतो.

२४/
या पिस्तुलांपैकी बहुतेकांच्या मालकांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. ते सरकारी मालमत्ता होते. एका सैनिकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. ज्यांनी ते वाहिले त्यांची, आणि ज्यांच्यावर ते रोखले गेले त्यांचीही, एवढीच खूण उरली : मुठीवरची झीज, म्यानात घासून गेलेला लेप, पावसात पडलेला एखादा डाग. मोरो योद्ध्यापासून व्हिएतनामच्या भुयारापर्यंतचा साठ-सत्तर वर्षांचा हिंसक इतिहास त्या पृष्ठभागावर लिहिलेला आहे. तो गौरवाचा नसेल. पण खरा आहे.

२५/
जुनी वस्तू हाती आली की ‘ही नवी कशी दिसेल?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘हिच्यावर काय लिहिले आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा. पिस्तूल असो, तलवार असो, देवघरातले तांब्याचे नाणे असो वा वाड्याच्या दारावरचा पितळी कडी-कोयंडा, घासण्याआधी वाचावे. वाचलेले पुन्हा वाचता येते. घासलेले पुन्हा लिहिता येत नाही.

(समाप्त)